पैसे सक्तीचे, मग वाट एकच का?

डब्लिनच्या दक्षिणेला समुद्राकाठी पसरलेल्या डून लेरी-रॅथडाउन काउंटीत मराठी कुटुंबं आता नवखी राहिलेली नाहीत. लेपर्डस्टाउन-सँडिफर्डकडच्या संगणक कंपन्यांत नोकरी, चेरीवूडला किंवा स्टेपअसाइडला घर, मुलांच्या शाळा आणि सुट्टीच्या दिवशी ईस्ट पिअरवर फेरी, असं त्यांचं बस्तान बसलं आहे. या घरांमध्ये कौन्सिलचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं. आपल्याकडे भाजीवालासुद्धा क्यूआर कोड लावून बसतो, मग या श्रीमंत देशात कौन्सिलच्या खिडक्या, पोस्टातले भरणे, नाण्यांवर चालणारी पार्किंगची यंत्रं अजून कशाला? सगळं ऑनलाइन करा, खिडक्या बंद करा, पगार वाचवा. ज्याला जमत नाही त्याने शिकून घ्यावं किंवा मुलांना सांगावं.

हे मत मांडणारी माणसं हुशार आहेत आणि त्यांचा हेतूही चांगला आहे. तरीही हे मत चूक आहे, आणि कुठे चूक आहे ते नीट सांगायला हवं. कारण उद्या कोणत्याही कौन्सिलने खिडक्या बंद करायचं ठरवलं, तर तिला पाठिंबा देणाऱ्यांत हाच सुशिक्षित, बोलका वर्ग पुढे असेल.

आधी त्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. आयर्लंडमध्ये मोटार कर २००४ पासून ऑनलाइन भरता येतो. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून वर्षाचा कर भरून मोकळं होता येतं, आणि पावती त्याच क्षणी हातात पडते. लहान मुलं असलेल्या, दोघंही नोकरी करणाऱ्या घरासाठी ही सोय फार मोठी आहे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला तर याचं मोल अधिकच कळतं. घरपट्टी भरायला अर्धा दिवस रजा, ‘साहेब जेवायला गेलेत’ हे उत्तर, आणि साध्या दाखल्यासाठी कोणाच्या तरी हातावर काहीतरी ठेवण्याची वेळ, हे सगळं त्याने पाहिलेलं असतं. संगणकाने यातलं बरंच संपवलं. त्यामुळे ऑनलाइन भरणा असावा की नसावा, असा वादच इथे नाही. वाद आहे तो ‘फक्त’ या शब्दाचा.

भाजीवाल्याचा दाखला सगळ्यात जास्त दिला जातो, म्हणून आधी तोच तपासू. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि काही वर्षांत मंडईपर्यंत पोचलं, हे खरं आहे. पण मंडईतल्या त्या गाळ्यावर म्हातारीने पन्नासची नोट पुढे केली तर भाजीवाला ती घेतो. त्याने क्यूआर कोड लावला, पण गल्ला बंद केला नाही, कारण नोट नाकारली तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जाईल. म्हणजे ज्या उदाहरणाने खिडकी बंद करण्याचं समर्थन केलं जातं, ते उदाहरण दोन्ही वाटा उघड्या ठेवण्याचं आहे.

शिवाय कौन्सिलला शेजारचा गाळा नाही. मुद्द्याचा गाभा इथे आहे. दुकानदार रोख घेत नसेल तर दुसऱ्या दुकानात जाता येतं. कौन्सिलच्या घराचं भाडं, पार्किंगचा दंड, घराला खोली वाढवायच्या परवानगीचं शुल्क किंवा डीन्सग्रेंजच्या दफनभूमीतल्या जागेचे पैसे दुसरीकडे कुठे भरता येत नाहीत. नागरिकाला इथे निवड नाही. आणि ज्या संस्थेला सक्तीने पैसे मागण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे, तिच्यावर ते पैसे नागरिकाला जमेल त्या रीतीने घेण्याचं बंधनही आलंच पाहिजे.

हा केवळ भावनेचा मुद्दा आहे असं कोणाला वाटेल. युरोपीय न्यायालयापुढे तो कायद्याचा प्रश्न म्हणून आला होता. जर्मनीत प्रत्येक घराला सार्वजनिक प्रसारणाचं शुल्क द्यावं लागतं. हेसन राज्यातल्या प्रसारण संस्थेने ते रोखीने घ्यायला नकार दिला आणि दोन नागरिक न्यायालयात गेले. २६ जानेवारी २०२१ रोजी लक्झेंबर्गमधल्या या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. युरोच्या नोटा कायदेशीर चलन आहेत, म्हणून देणं फेडताना त्या तत्त्वतः स्वीकारल्या गेल्या पाहिजेत. सार्वजनिक हितासाठी त्यावर मर्यादा घालता येते, पण ती प्रमाणशीर हवी आणि पैसे भरायला दुसरे कायदेशीर मार्ग उपलब्ध हवेत. ज्यांना ते दुसरे मार्ग सहज वापरता येत नाहीत अशा लोकांचा विचारही न्यायालयाने करायला सांगितला. या निकालाने रोखीला सरसकट विजय दिला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ‘सरकारी संस्थेला वाटलं म्हणून केलं’ ही पळवाट त्याने बंद केली. मार्ग बंद करायचा असेल तर कारण द्यावं लागेल आणि मागे कोण राहतं तेही पाहावं लागेल.

आता मागे कोण राहतं ते पाहू. डब्लिन परिसरातल्या चार स्थानिक संस्थांपैकी ज्येष्ठांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे ते याच काउंटीत. मंक्सटाउन, डॉकी, ब्लॅकरॉक या जुन्या वस्त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरं आहेत. समजा त्यांच्यापैकी एकीच्या गाडीवर पार्किंगच्या दंडाची नोटीस लागली. साध्या गुन्ह्याचा दंड ४० युरो. २८ दिवसांत भरला नाही तर तो ६० होतो, आणि पुढच्या २८ दिवसांतही भरला नाही तर मामला न्यायालयाकडे जातो. ऑनलाइन भरायचा तर नोटिशीवरचा लांबलचक क्रमांक टाकायचा, गाडीचा क्रमांक टाकायचा, कार्डाचे १६ आकडे, मुदत आणि मागचे तीन आकडे भरायचे. त्यानंतर युरोपीय नियमांनुसार बँक पुन्हा ओळख पटवून घेते, म्हणजे बँकेचं ॲप उघडून मंजुरी द्यायची किंवा मोबाइलवर आलेला कोड ठरावीक वेळेत टाकायचा. साधा, बटणांचा फोन वापरणारी, थरथरत्या हातांची बाई चौथ्या टप्प्यावर अडकते. पान मुदत संपल्याचं सांगतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पैसे गेले की नाही, हे तिला कळत नाही. तिच्याकडे ४० युरो आहेत आणि ते द्यायची तयारीही आहे. खिडकी असेल तर ती दोन मिनिटांत मोकळी होते. खिडकी नसेल तर दंड दीडपट होतो, आणि वाढलेली ती रक्कम गाडी चुकीच्या जागी लावल्याची नसते. संगणक न जमल्याची असते.

‘मुलांना सांगावं’ हा सल्ला देणाऱ्यांनी त्याचा अर्थ नीट पाहिलेला नाही. आयुष्यभर स्वतःचे व्यवहार स्वतः केलेल्या माणसाने आपल्या कार्डाचे आकडे आणि बँकेचा कोड दुसऱ्याच्या हाती द्यायचा, असा तो अर्थ आहे. मुलगा ऑस्ट्रेलियात असेल तर शेजाऱ्याच्या हाती. एका बाजूला बँका रोज बजावतात की कोड कोणालाही सांगू नका, आणि दुसरीकडे सार्वजनिक सेवेची रचना अशी करायची की म्हाताऱ्यांना तो सांगावाच लागेल. यातून वृद्धांच्या आर्थिक फसवणुकीला आयता रस्ता मिळतो.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं नाही, हे मराठी घरांनी तरी विसरू नये. पुण्याहून शिकायला आलेला मुलगा पहिल्या महिन्यात इथे कसा असतो ते आठवावं. आयरिश बँकेत खातं उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो, पत्त्याचा पुरावा मिळायला घर लागतं, आणि घरासाठी अनामत रक्कम. भारतातल्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, सुरू केले तर ओटीपी भारतातल्या सिमवर जातो आणि ते सिम रोमिंगवर चालत नाही. संगणकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारा हा मुलगा त्या काळात कोणत्याही ‘फक्त ऑनलाइन’ दारापुढे मंक्सटाउनच्या आजीइतकाच अडतो. ‘शिकून घ्यावं’ हे उत्तर त्याला देऊन पाहावं.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचीही इथे आठवण करून द्यायला हवी. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला. बँकेत खातं उघडताना डिजिटल ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, अशी अट आली. डोळ्यांना झालेल्या इजेमुळे ते त्यांना शक्य नव्हतं. त्यांच्या आणि दृष्टिबाधित वकील अमर जैन यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ओळख पटवण्याचे पर्यायी मार्ग ठेवण्याचे निर्देश दिले. ज्या देशाच्या क्यूआर कोडचा दाखला दिला जातो, त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यायाची गरज अशी अधोरेखित केली आहे.

खर्चाचा मुद्दा आता. खिडकीवरच्या माणसाचा पगार वाचतो, हा हिशेब कागदावर सरळ दिसतो. पण काम संपत नाही, ते दुसऱ्याच्या माथी जातं. डून लेरीत २०१४ साली उघडलेल्या लेक्सिकॉन ग्रंथालयात सार्वजनिक संगणक आहेत. सगळ्या सेवा ‘फक्त ऑनलाइन’ झाल्या की घरी इंटरनेट नसलेला माणूस शेवटी अशाच ग्रंथालयात जाणार आणि अर्ज भरायला ग्रंथपालाची मदत मागणार. खिडकीवरच्या प्रशिक्षित कारकुनाचं काम तेव्हा पुस्तकांसाठी नेमलेल्या माणसाकडे जाईल. शिवाय कार्ड फुकट नसतं. आयर्लंडमध्ये क्रेडिट कार्डावर सरकार दरवर्षी ३० युरो मुद्रांक शुल्क घेतं. कौन्सिलचा वाचलेला पगार म्हणजे समाजाचा वाचलेला खर्च, हे गणित म्हणूनच चुकतं.

आणि वसुलीचं काय? ‘ऑनलाइन केलं की वसुली वाढते’ असं ठामपणे सांगितलं जातं. आयर्लंडचा स्वतःचा अनुभव याबाबत बोलका आहे. आर्थिक संकटाच्या काळात, २०१२ मध्ये, सरकारने प्रत्येक घरावर १०० युरोंचा घरगुती आकार लावला. मंत्री फिल होगन यांनी ३१ मार्चची मुदत दिली. भरणा मुख्यतः संकेतस्थळावर, नाहीतर टपालाने किंवा कौन्सिलच्या कचेरीत. गावोगावच्या पोस्टाच्या खिडकीवर तो भरता येत नव्हता आणि यावरून तेव्हा बरीच टीका झाली. मुदत संपली तेव्हा सुमारे १६ लाख घरांपैकी जेमतेम निम्म्यांची नोंदणी झाली होती. पुढच्याच वर्षी त्या जागी स्थानिक मालमत्ता कर आला, वसुली महसूल खात्याकडे गेली आणि भरण्याचे मार्ग वाढवले गेले. ऑनलाइन, कार्डाने, पगारातून किंवा पेन्शनमधून हप्त्याने, आणि पोस्टात किंवा पेझोनची यंत्रं असलेल्या दुकानात रोखीने. पहिल्याच वर्षी ९० टक्क्यांहून अधिक घरांनी कराची पूर्तता केली.

यात सगळं श्रेय भरण्याच्या मार्गांना देणं बरोबर होणार नाही. २०१२ चा आकार मुळात काटकसरीच्या धोरणाविरुद्धच्या रागाचं लक्ष्य होता, बहिष्काराची चळवळ जोरात होती, आणि महसूल खात्याकडे पगारातून परस्पर कापून घेण्याचं हत्यार आहे जे कौन्सिलांकडे नव्हतं. पण एवढं मात्र नक्की म्हणता येतं की देशातल्या सर्वांत कार्यक्षम वसुली यंत्रणेने रोखीची खिडकी बंद करून यश मिळवलेलं नाही. तिने ती गल्लीतल्या दुकानापर्यंत नेली. डून लेरीत आजही हा कर असाच भरता येतो, आणि त्यामुळे कौन्सिलचं काही बिघडलेलं नाही. या काउंटीने तर बरीच वर्षं कराचा दर कायद्याने परवानगी दिलेल्या कमाल १५ टक्क्यांनी खाली ठेवला.

काउंटीतून जाणाऱ्या एम-५० महामार्गाचं उदाहरण याहून बोलकं आहे. ऑगस्ट २००८ मध्ये तिथला टोलनाका काढला, कॅमेरे लावले आणि वसुली ई-फ्लो नावाने पूर्ण स्वयंचलित झाली. गाडी थांबतच नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत पैसे भरायचे, ते ऑनलाइन, फोनवरून किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात रोखीने. यंत्रणा शंभर टक्के डिजिटल, आणि तरीही नोट घेऊन येणाऱ्याला जागा आहे. याउलट भारतात फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि रोखीने देणाऱ्याला दुप्पट टोल लागू झाला. महावितरणने १ ऑगस्ट २०२३ पासून घरगुती वीजबिल रोखीने भरण्यावर ५,००० रुपयांची मर्यादा घातली. मर्यादेला काही समर्थन तरी देता येईल, कारण लहान बिलाच्या गरीब ग्राहकाला ती शिवत नाही. पण रोखीसाठी दुप्पट पैसे हा सरळ दंड आहे, आणि तो सरकारने स्वतः छापलेली नोट वापरल्याबद्दलचा आहे. इथल्या मराठी मंडळींनी भारतातून आयर्लंडला काही शिकवायचं असेल तर ते हे नसावं.

शिकवण्यासारखं दुसरं काही आहे, आणि त्याबद्दल अभिमान बाळगावा असं ते आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या सुरुवातीच्याच वर्षांत आपला कारभार संगणकावर आणला आणि नागरी सुविधा केंद्रं उघडली. मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, तक्रारी, सगळं एका छताखाली. मागे संगणकीय यंत्रणा होती आणि पुढे खिडकीत माणूस होता. नागरिकाला या विभागातून त्या विभागात हिंडावं लागणं बंद झालं. भ्रष्टाचाराला आळा बसला तो नोंदी संगणकावर आल्यामुळे, खिडकीतला माणूस हटवल्यामुळे नव्हे. राज्यातल्या इतर शहरांसाठी पुढे हाच नमुना ठेवला गेला. डोंबिवलीत वाढलेला माणूस चेरीवूडला बसून खिडकी म्हणजे मागासलेपण असं म्हणतो, तेव्हा त्याला त्याच्याच गावाचं हे काम दाखवून द्यायला हवं.

यंत्रणा कोसळण्याचा प्रश्न तर कोणी विचारातच घेत नाही. जून २०१२ मध्ये अल्स्टर बँकेची संगणक यंत्रणा बिघडली, आणि आयर्लंडमधल्या सुमारे सहा लाख ग्राहकांचे व्यवहार कित्येक दिवस, काहींचे तर काही आठवडे, विस्कळीत राहिले. १४ मे २०२१ रोजी देशाच्या आरोग्य सेवेवर सायबर हल्ला झाला आणि रुग्णालयांना कागद-पेनावर यावं लागलं. तेव्हा काम चाललं ते कागदावर काम करणं अजून लोकांना येत होतं म्हणून. फसवणुकीचं म्हणाल तर ई-फ्लोच्या नावाने ‘तुमचा टोल बाकी आहे’ असे बनावट संदेश आयर्लंडभर फिरले, जसे महाराष्ट्रात ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असे महावितरणच्या नावाने फिरले. सरकारी देणी फक्त फोनवरच भरायची असतात, अशी सवय एकदा लावली की अशा संदेशांवर विश्वास बसणं सोपं होतं. काउंटी हॉलमध्ये जाऊन विचारता येत असेल तर घाबरलेल्या माणसाला खरं-खोटं करायला एक जागा राहते.

‘लोकांना आता खिडकी नकोच आहे’ हा शेवटचा युक्तिवाद. जुलै २०२२ मध्ये एआयबी बँकेने असंच गृहीत धरलं. आपल्या ७० शाखांत रोखीचे व्यवहार बंद करण्याची घोषणा तिने केली. तेव्हा बहुसंख्य मालकी सरकारची असलेली ही बँक. शेतकरी, छोटे दुकानदार, ज्येष्ठांच्या संघटना आणि सगळ्या पक्षांचे लोकप्रतिनिधी असे काही खवळले की तीनच दिवसांत बँकेने निर्णय मागे घेतला. पुढे २०२५ मध्ये देशभर रोख रकमेची सोय पुरेशी राहावी म्हणून बँकांवर बंधन घालणारा कायदाही झाला. म्हणजे लोकांना रोख हवी आहे हे संसदेने मान्य केलं. पण एटीएममधून काढलेली नोट सरकारी कचेरीत घेतली जाईल, याची हमी त्या कायद्यात नाही. राहिलेलं काम ते आहे.

मागणी फार मोठी नाही. कौन्सिलचं प्रत्येक सक्तीचं देणं ऑनलाइन भरता यावं आणि माणसासमोर, रोखीनेही भरता यावं. दोन्हीला दर एकच असावा. ऑनलाइन भरणा अडकला आणि त्याच दिवशी माणसाने तसं कळवलं, तर दंडाची मुदत थांबावी. आणि एखादी खिडकी बंद करायची असेल तर ती कोण वापरतं याचा हिशेब आधी लोकांपुढे मांडावा, निर्णय नंतर व्हावा.

हे मांडण्याची जागा डून लेरीतच आहे. काउंटीच्या कौन्सिलमध्ये ४० लोकनियुक्त सदस्य आहेत आणि तिचं अंदाजपत्रक दर वर्षअखेरीला त्यांच्यापुढे मंजुरीला येतं. आपल्या भागातल्या सदस्याला त्याआधी पत्र लिहावं. आयर्लंडचं नागरिकत्व नसलं तरी इथे राहणाऱ्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, ही गोष्ट कित्येक मराठी घरांना अजून ठाऊक नाही. पुढची निवडणूक २०२९ मध्ये आहे. मतदार यादीत नाव घालायचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि छापील अर्ज भरून मरीन रोडवरच्या काउंटी हॉलमध्येही देता येतो.